मैना भातडे, राहणार कोंडशेत

कोंडशेतच्या शाळेत माझी बदली झाली ती १९८४ च्या जूनमध्ये. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. पोलीस पाटील सखाराम गुरव यांनी तीन घरं दाखवली. तिन्हीकडे चहा मिळाला, खोली मिळाली नाही. लांज्याची एस.टी. पकडायला मी सड्यावरून, गावाबाहेरच्या कातळमाळावरून, परत निघाले, तेव्हा वाडीच्या टोकाच्या घरावर एक बाई दिसली. घरावर म्हणजे अगदी छपरावर. पदर खोचलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला, आणि एकटी कौलं बसवत होती. आमच्याकडे बायका लावणी करतात, लाकडं फोडतात, काजू सोलतात, पण घर शाकारायला छपरावर चढत नाहीत.

“खोली बघताय ना?” तिने वरूनच विचारलं. गावात बातमी माझ्या आधी फिरून आली होती. “मग ती खालची कौलं द्या वर. ओटीजवळची खोली रिकामीच हाय.”

मी छत्री भिंतीला टेकवली आणि कौलं द्यायला लागले. त्या घरात मी पुढे सात वर्षं राहिले.

ती मैना रावजी भातडे. मी तिला मैनावहिनी म्हणायची. वय छत्तीस, पदरात अकरा वर्षांची राही. नवरा रावजी मराठा पलटणीत नाईक होता. त्याच वर्षी जानेवारीत, उत्तरेकडच्या एका बर्फातल्या चौकीवर कडा कोसळला आणि त्याखाली चार जवान गेले. रावजी त्यांतला एक. चौथ्या दिवशी त्याला बाहेर काढला आणि तिथेच अग्नी दिला. अस्थी सागरला आल्या. मध्य प्रदेशातल्या सागरला, कारण पलटणीची कुटुंबं तेव्हा तिथल्या क्वार्टरमध्ये होती. पलटणीतल्या लोकांनी सुचवलं, वहिनी, इथून नर्मदा जवळ आहे, तिथे सोडू. वहिनी म्हणाली, “तो नर्मदेत कधी पोहला नाय.” अस्थींचा कलश मांडीवर घेऊन ती आगगाडीने मुंबईला आली, तिथून एस.टी.ने लांज्याला, आणि गावच्या नदीत त्याला सोडला.

लग्न झाल्यावर दोन वर्षं ती गावात होती. मग १९७० मध्ये रावजीला कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं आणि तो तिला बेळगावला घेऊन गेला. पुढे अंबाला, जबलपूर, शेवटी सागर. दर मे महिन्यात वीसेक दिवस दोघं गावी यायची. घर उघडायची, झाडायची, आंबे उतरवायची, देवाला नारळ द्यायची, आणि किल्ली शेजारच्या सोनूबाईकडे ठेवून परत जायची. घरपट्टीची मनीऑर्डर तेवढी दरवर्षी मार्चमध्ये न चुकता यायची.

आता ती कायमची आली होती. वाडीतल्या काही बायकांना तिचं सगळंच खटकत होतं. ती कपाळ मोकळं ठेवत नव्हती. टिकली लावायची. राही अर्धं हिंदी बोलायची. चपातीला रोटी म्हणायची. विहिरीवर कोणी “पलटणवाली” म्हणून हाक मारली तर वहिनी ओ द्यायची. “व्हय, पलटणवालीच. बोल काय ते.”

केंद्राची पेन्शन सुरू झाली होती. ती वेगळी. तिच्याशिवाय राज्याकडूनही एक मदत असायची. लढाईत किंवा सीमेवर मेलेल्या जवानाच्या कुटुंबाला एकरकमी अनुदान, आणि मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा काही. अट एवढीच की कुटुंब राज्यातलं रहिवासी असावं. हे तिला पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदाराने पत्रातून कळवलं. तिने मला ते पत्र वाचायला दिलं. वाचता तिलाही येत होतं, पण सरकारी मराठी वाचून तिला झोप येते असं ती म्हणायची.

अर्ज मी लिहिला. तलाठ्याचा दाखला जोडायचा होता. तलाठी सरळ माणूस होता, त्याने खरं तेच लिहिलं: घर, जमीन, सातबारा या गावी, सदर कुटुंब १९७० पासून लष्करी नोकरीनिमित्त परराज्यात वास्तव्यास. आम्हाला वाटलं, यात काय बिघडलं? नोकरीनिमित्त म्हणून लिहिलंय की.

कचेरीचं नाव मी सांगत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणची एक कचेरी, एवढं पुरे. दिवाळीची सुट्टी होती म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. टेबलामागे एक कारकून होते. त्यांनी अर्ज घेतला, दाखला वाचला, आणि तिच्याकडे न बघता शाईचं पॅड पुढे सरकवलं.

“अंगठा.”

“पेन द्या,” वहिनी म्हणाली.

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. तिने सही केली. ‘मैना रावजी भातडे’, तिन्ही शब्द पूर्ण. मग ते दाखल्यावर बोट ठेवून म्हणाले, “बाई, हे बसत नाही. अर्जदाराचं राज्यात सलग पंधरा वर्षं वास्तव्य पाहिजे. तुम्ही चौदा वर्षं बाहेर.”

“बाहेर म्हणजे नवऱ्याबरोबर.”

“ते मला मान्य आहे. पण राज्यात नाही.”

“बेळगावात होते पाच वर्षं.”

“बेळगाव आपल्या राज्यात नाही.”

“हे तुमी बेळगावात जाऊन सांगा, बघा काय म्हणतात,” वहिनी म्हणाली. शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. कारकून हसले नाहीत.

वहिनीने पिशवीतून एक पाकीट काढलं. रावजी गेल्यावर मुंबईहून राज्याच्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या सहीचं शोकपत्र आलं होतं. जाड कागद, वर राज्याची मुद्रा. तिने ते टेबलावर उलगडून ठेवलं आणि एका ओळीखाली नख ओढलं. ‘महाराष्ट्राच्या या वीर सुपुत्राला राज्य कधीही विसरणार नाही.’

“मेला तेव्हा तो महाराष्ट्राचा होता,” ती म्हणाली. “मग मी कुठली?”

“शोकसंदेश हा वास्तव्याचा पुरावा होत नाही, बाई.”

“आमच्या वाडीतले निम्मे बाप्ये मुंबईत हायत. गिरणीत, गोदीत. वीस वीस वर्षं गावात राहिले नायत. ते गावचे, आणि हा परका?”

“मुंबई राज्यात आहे.”

“म्हणजे त्यानं मुंबईत सूत कातलं असतं तर चाललं असतं. बर्फात उभा राहिला तेच चुकलं.”

कारकुनांनी पेनाचं टोपण लावलं. “तुम्ही शेवटी मध्य प्रदेशात होता. तिथे अर्ज करून बघा,” असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. दोन महिन्यांनी लेखी उत्तर आलं: वास्तव्याची अट पूर्ण होत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

निकाली काढणं म्हणजे काय ते तिने मला विचारलं. मी म्हटलं, संपवणं. ती म्हणाली, “त्यांच्याकडनं संपलं असेल.”

कारकुनांच्या त्या बोलण्याचा तिने असा उपयोग केला की मी बघत राहिले. तिने खरंच मध्य प्रदेशातल्या कचेरीला अर्ज पाठवला. हिंदीत, स्वतःच्या अक्षरात, राहीकडून शुद्धलेखन तपासून घेऊन. मी म्हटलं, वहिनी, ते काय देणार? ती म्हणाली, “ते नाय म्हणणार, आणि मला तेच लिहून पाहिजे.” चार महिन्यांनी उत्तर आलं. ‘आप मूलतः महाराष्ट्र की निवासी हैं, अतः अपने गृह राज्य में आवेदन करें.’ तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि डब्यात ठेवलं. “बघा बाई, परक्यांना कळलं मी कुठली ते.”

पण त्याने काही हललं नाही. १९८५ चा उन्हाळा तसाच गेला. वहिनी लांज्याला एका काजूच्या कारखान्यात जायला लागली होती. भाजलेल्या काजूचं तेल हाताला लागलं की कातडी काळी पडते आणि सोलवटते. बायका हाताला राख चोळून बसतात. संध्याकाळच्या एस.टी.ने परत आली की ती खोबरेल लावून बोटं दिव्यापुढे धरायची आणि मग रात्रीचं पिठलं राही करायची. पेन्शनीत दोघींचं भागत होतं, पण राहीला पुढे रत्नागिरीला शिकायला ठेवायचं तर भागलं नसतं.

त्याच सुमारास लांज्याच्या बाजारात एक गृहस्थ भेटले. कचेऱ्यांच्या आवारात बसून अर्ज लिहून देणारे. प्रकरण त्यांना माहीत होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “सोपं आहे हो. प्रतिज्ञापत्र करायचं. नवरा नोकरीवर होता, मी मात्र सतत गावीच सासरी राहत होते, असं. दोन साक्षीदार गावातले. तलाठ्याचा नवा दाखला मी बघतो. सगळे असंच करतात. वेळणेश्वरकडची एक नेव्हीवाल्याची बायको, तिला पण मी हेच सांगितलंय.”

मला ते पटलं, हे मी लपवत नाही. मी घरी येऊन वहिनीला तेच सांगितलं. वर हेही म्हटलं की कोणाचं काही वाईट होत नाही यात. सोनूबाई साक्ष देईल, पाटील देतील. एक कागद, आणि राहीच्या शिक्षणाचा प्रश्न सुटेल.

वहिनी तांदूळ निवडत होती. हात थांबला.

“म्हणजे मी लिहायचं की मी त्याच्याबरोबर नव्हते.”

“फक्त कागदावर.”

“बाई, अंबाल्याला माझी धाकटी पोर गेली. सात महिन्यांची. तिथंच पुरली. त्यानं आणि मी. हातानं खड्डा केला त्यानं, कुणाला करू दिला नाय. तेव्हा मी कुठं होते म्हणून लिहू? कोंडशेतात, सासरी?”

ती पोर गेल्याचं मला ठाऊक नव्हतं.

“मी चौदा वर्षं त्याचं जेवण केलं, त्याचे बूट पुसले, त्याच्या पलटणीतल्या पोरांना ताप आला तर पेज दिली. त्यात चोरून ठेवण्यासारखं काय हाय? त्यांचा नियम चुकीचा हाय. मी कशाला खोटं बोलू? नियमानं खरं बोलावं.”

आमचं त्या दिवशी भांडणच झालं. मी म्हटलं, मानाने पोट भरत नाही. ती म्हणाली, भरतं की नाही ते भरणाऱ्याने ठरवावं, आणि माझं पोट भरलेलं आहे. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर चहा ठेवला आणि म्हणाली, “निवडणुकीचं काम तुमच्याकडं असतं ना?”

असायचं. प्राथमिक शिक्षकांना मतदार याद्यांचं काम पाचवीला पुजलेलं. त्या वर्षीही मी घरोघरी फिरून आले होते.

“मला काल रात्रभर ते आठवत होतं,” ती म्हणाली. “ऐंशी साली आमी जबलपूरला होतो. तेव्हा पोस्टानं मतपत्रिका आली होती. त्याची पण आणि माझी पण. खाकी लिफाफा. सुभेदारसाहेबांच्या समोर बसून शिक्का मारायचा आणि परत पाठवायची. उमेदवारांची नावं कुठली होती सांगा बघू?”

“कुठली?”

“इकडचीच! रत्नागिरीची. मी त्याला इचारलं, आपण जबलपुरात, मग इकडचं मत कसं? तर तो म्हणाला, अगो आपण कोंडशेतचेच ना. कायद्यानं जवान जाईल तिकडं जाईल, पण राहणारा घरचाच. आणि बायको बरोबर असली तर ती पण.”

मी चहा तसाच ठेवून उठले. माझ्याकडच्या याद्यांमध्ये ती नावं नव्हती, कारण घरोघरी फिरून होणारी यादी वेगळी आणि सेनेतल्या मतदारांची वेगळी. ती मतदारसंघाच्या यादीच्या शेवटच्या भागात असते. आमच्यासारख्यांच्या हातात ती कधी येतच नाही. तालुक्याला निवडणुकीचं काम बघणारे एक जुने कर्मचारी होते, आत्माराम शिर्के. त्यांना मी विचारलं. त्यांनी कपाट उघडून धूळ झटकली आणि यादीचा तो भाग काढून दिला. तिथे होतं. भातडे रावजी तुकाराम, मौजे कोंडशेत. आणि खाली: भातडे मैना रावजी, पत्नी, मौजे कोंडशेत.

“घ्या,” शिर्के म्हणाले. “सैनिकाचं आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या बायकोचं राहणं मूळ गावीच धरायचं, असं निवडणुकीच्या कायद्यातच आहे. कलमाचा आकडा लिहून देतो. खऱ्या प्रतीसाठी अर्ज करा, आठ दिवसांत देतो.” त्यांनी आठव्या दिवशी खरंच दिली.

आता तिच्याकडे कागद जमले होते. घरपट्टीच्या चौदा पावत्या, सागरकडचं हिंदी उत्तर, पलटणीच्या नोंदीतला घरचा पत्ता, आणि ही यादी. राहिलं होतं गावचं निवेदन. ते तिने स्वतः सांगून माझ्याकडून लिहून घेतलं. त्यात ‘सदर बाई १९७० ते १९८४ पतीबरोबर क्वार्टरमध्ये राहत होती’ हे पहिल्याच ओळीत होतं. सखाराम पाटलांनी ते वाचलं आणि डोकं खाजवलं.

“मैना, हे वाक्य काढलंस तर बरं. तुझ्याच विरुद्ध जातंय.”

“खरं हाय की खोटं?”

“खरं हाय.”

“मग सही करा. आणि तुमचा भाऊ मुंबईला गेला त्याला किती वर्षं झाली, ते पण लिहू काय खाली?”

पाटलांनी सही केली.

नवा अर्ज थेट वरच्या साहेबांकडे दिला. सुनावणी लागायला वर्ष गेलं. सहा वेळा आम्हाला किंवा तिला एकटीला तारीख मिळाली आणि सहा वेळा साहेब दौऱ्यावर होते. अशाच एका खेपेला कचेरीच्या बाकावर दमयंती मयेकर भेटली. वेळणेश्वरकडची, नवरा नौदलात असताना जहाजावरच्या अपघातात गेलेला, ती नऊ वर्षं विशाखापट्टणमला. हीच ती, जिला त्या अर्ज लिहिणाऱ्या गृहस्थांनी सल्ला दिला होता. तिने प्रतिज्ञापत्र केलं होतं. चौकशीत तिच्या मुलाचा तिकडच्या शाळेचा दाखला निघाला. आता तिच्यावर उलट खोटं बोलल्याची नोटीस होती. घाबरून ती सारखा पदर तोंडावर धरत होती.

“मी तुझ्यासारखी हिमतीची नाही गं,” ती वहिनीला म्हणाली.

“हिंमत बिंमत काय नाय,” वहिनी म्हणाली. “जा आणि खरं काय ते लिहून दे. माझा निकाल लागला की तुझा लागेल. थांब म्हटलं ना, थांब.”

सुनावणी झाली ती १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये. साहेब तरुण होते, देशावरचे, ऐकून घेणारे. वहिनी खुर्चीवर बसली नाही. एकेक कागद त्यांच्यासमोर ठेवत गेली. शेवटी म्हणाली, “साहेब, मत घ्यायला मी कोंडशेतची. घरपट्टी घ्यायला मी कोंडशेतची. त्याला सलामी द्यायला तो महाराष्ट्राचा. फक्त द्यायची पाळी आली की आमी मध्य प्रदेशचे. हे कुठल्या कलमात बसतं, ते मला वाचून दाखवा. मला वाचता येतं.”

साहेबांनी यादीचं पान उचलून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “ताई, मी करतो काहीतरी.”

जानेवारीत आदेश आला. पोस्टमन घराच्या बेड्यातूनच, कुंपणाच्या फाटकापासूनच, ओरडत आला, कारण पाकिटाचा रंग बघून त्यालाही कळलं होतं. मी वाचलं. मंजूर. ‘श्रीमती भातडे यांची हलाखीची परिस्थिती पाहता, नियमात बसत नसतानाही, सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून अनुदान मंजूर करण्यात येत आहे. सदर प्रकरण पूर्वोदाहरण म्हणून धरण्यात येऊ नये.’

सोनूबाईने देवापुढे साखर ठेवली. राहीने मला मिठी मारली. वहिनी म्हणाली, “शेवटचं परत वाचा.”

मी वाचलं.

“पूर्वोदाहरण म्हणजे?”

“म्हणजे याचं उदाहरण दाखवून दुसऱ्या कोणी मागायचं नाही.”

“आणि नियमात बसत नाय म्हणजे मी इकडची नाय, असंच ना? दया आली म्हणून देतायत.”

मला पुढचं दिसायला लागलं. मी म्हटलं, “वहिनी, घ्या हो आता. अडीच वर्षं झाली.”

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली, रत्नागिरीची पहिली एस.टी. पकडली आणि तो आदेश परत दिला. पैसे उचलण्याच्या कागदावर सही केली नाही. मी बरोबर नव्हते, शाळा होती. नंतर तिथल्या शिपायाकडून कळलं ते असं: आधीच्याच कारकुनांनी तिला समजावलं की बाई, शब्दांत काय आहे, रक्कम तीच आहे. त्यावर ती म्हणाली, “शब्दांत काय नसतं तर तुमी पंधरा वर्षांचा शब्द धरून का बसला होता?” मग तिने कोरा कागद मागून तिथेच उभ्याने लिहिलं: ‘मी हलाखीत नाही. मी काजू सोलते. मी दया मागितली नाही. मी रहिवासी आहे म्हणून मला द्या, नाहीतर देऊ नका. मैना रावजी भातडे, राहणार कोंडशेत.’ आणि पोच घेऊन आली.

गाव तिच्यावर उखडलं. लक्ष्मी दारात आली आणि हिने दार लावलं, असं लोक म्हणायचे. मुंबईहून दीर सदू आला तो ओरडायलाच. तिला अक्कल नाही, पोरीचं वाटोळं करणार, रावजी असता तर त्याने एक ठेवून दिली असती. वहिनी त्याला भाकरी वाढत होती. “त्यानं कधी हात उचलला नाय माझ्यावर,” ती म्हणाली. “तुला ठाऊक नाय, कारण तू तिकडं कधी आलाच नायस. जेव.”

मलाही राग होता. राही आठवीत गेली होती, हुशार होती, आणि मी तिच्याकडे बघून हिशेब मांडायची. पण त्याच महिन्यात दमयंती आली. वेळणेश्वरहून तीन एस.टी. बदलून, सुक्या बांगड्यांची पुडी घेऊन. तिला कचेरीत कोणीतरी सांगितलं होतं. अंगणात उभी राहून ती वहिनीकडे बघत राहिली.

“तू ते घेतलं असतंस तर माझा कागद तिथेच मेला असता,” ती म्हणाली. “विशेष बाब एकच असते.”

वहिनी म्हणाली, “मग आत ये की. उभी का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा अर्ज लिहायला मीच कागद पुढे घेतला.

त्या तरुण साहेबांनी पुढे काय केलं ते आम्हाला सगळं कळलं नाही. त्यांनी वहिनीचा तो हाताने लिहिलेला कागद, मतदार यादीचं पान आणि आपला अभिप्राय मुंबईला पाठवला एवढं शिर्के यांच्याकडून समजलं. दरम्यान तारखा, स्मरणपत्रं, ‘प्रकरण विचाराधीन’. वहिनी महिन्यातून एकदा जायची, बाकावर बसायची, विचारायची, परत यायची. कारकून तिला बघून आता उठून उभे राहायचे. आदराने की कंटाळून, ते मला सांगता येणार नाही.

१९८७ च्या ऑक्टोबरमध्ये दुसरा आदेश आला. यात हलाखी नव्हती, सहानुभूती नव्हती. ‘सैनिकाची पत्नी त्याच्या नोकरीच्या ठिकाणी त्याच्यासमवेत राहिल्याने तिचे मूळ गावचे वास्तव्य खंडित झाले असे मानता येणार नाही. सबब श्रीमती मैना रावजी भातडे, राहणार कोंडशेत, या अनुदानास पात्र आहेत.’ त्याबरोबर त्या कचेरीला सूचना होती, याच कारणावरून नाकारलेले अर्ज पुन्हा तपासावेत. ते सात निघाले. दमयंतीचा त्यांतला एक. एक म्हातारी गणपतीपुळ्याजवळची होती, तिचा नातू आदेश घेऊन गेला तेव्हा ती आधीच वारली होती.

मी वाचून दाखवलं तेव्हा वहिनी काजूच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. हात काळे. तिने कागद हातात घेतला नाही, डाग पडेल म्हणून. मला धरायला सांगितला आणि स्वतः वाचला. ‘त्याच्यासमवेत राहिल्याने’ या शब्दांशी थांबली. मग घरात गेली आणि बराच वेळ आली नाही. आतून रडण्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला. राही उठायला लागली, मी तिचा हात धरून ठेवला.

संध्याकाळी वाडीतली माणसं आली. सखाराम पाटील हार घेऊन आले. शाळेच्या पटांगणात सत्कार करू म्हणाले, नारळ देऊ, साडी देऊ.

“सत्कार कसला?” वहिनी म्हणाली. चेहरा धुऊन, टिकली लावून ती ओटीवर बसली होती. “पोरीचं दरमहाचं त्यांनी आदेशाच्या तारखेपासनं धरलंय. मी अर्ज दिला तो चौऱ्याऐंशी साली. मधली तीन वर्षं मी पात्र नव्हते की काय? बाई, पेन आणा.”

पाटलांनी हार ओट्यावर ठेवला आणि चहा प्यायला बसले.

राही दहावीनंतर रत्नागिरीला गेली, नर्सिंग शिकली. माझी बदली १९९१ मध्ये देवरुखला झाली. त्या तीन वर्षांचा अर्ज तेव्हाही चालूच होता. निघायच्या आदल्या आठवड्यात मी तिच्यासाठी त्याचं अकरावं स्मरणपत्र लिहिलं, आणि तिने खाली सही केली, तिन्ही शब्द पूर्ण.